तरंगचक्र आणि त्याची गणिती परीक्षा

तीन-चार मजली घरांतून नळाची तोटी झटकन् बंद केली असतां भिंतीच्या आंतून ‘धप्प’ असा आवाज येतो, तो पुष्कळांनीं ऐकला असेल. तोटी एकीकडे आणि आवाज भलतीकडे, असा हा प्रकार असतो. वाहतें पाणी एकाएकीं अडलें म्हणजे तोटीपाशीं त्याचा दाब वाढतो आणि या दाबवाढीची वर्दी नळांतून उलट दिशेनें धांवत सुटते. पाणी स्वतः त्या वेगानें जात नाहीं. तें जागच्या जागीं किंचित् चेपलें जातें व शेजारच्या पाण्यास चेपतें. ही वर्दी मात्र लोखंडी नळांतून सेकंदास हजार मीटरांहून अधिक वेगानें जाते. प्लंबरच्या दृष्टीनें हा निव्वळ उपद्रव. त्यानें सांधे ढिले होतात व तोट्या गळूं लागतात. परंतु सांधे ढिले करण्याइतका जोर ज्या धक्क्यांत आहे, त्यास कामास जुंपतां येणार नाहीं काय? हवा दाबण्याचें काम त्याच्याकडून करवून घेतलें तर? शंभर वर्षांहून अधिक काळ हा विचार कांहीं यंत्रज्ञांच्या डोक्यांत घोळत आला आहे. त्यांतून जें यंत्र निघालें त्यास वेव्ह रोटर असें नांव आहे. मराठींत त्यास तरंगचक्र म्हणावयास हरकत नसावी.

हें चक्र समजण्यापूर्वीं ज्या इंजिनास तें जोडावयाचें तें गॅस टर्बाइन थोडेंसें पाहिलें पाहिजे. गॅस टर्बाइन आतां नवलाईचें राहिलेलें नाहीं. विमानें व हेलिकॉप्टरें त्यावर उडतात. आपल्याकडे उरणच्या वीजकेंद्रांत जनित्रें फिरविण्याचें काम याच जातीच्या यंत्रांकडे आहे. रचना सांगावयास सोपी. पुढें हवा दाबणारा कॉम्प्रेसर. मध्यें दहनकोठी, तेथें दाबलेल्या हवेंत इंधन जळतें. मागें टर्बाइन, त्याच्या पात्यांवरून तप्त वायु जोरानें गेला कीं तें फिरतें. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर एकाच दांड्यावर बसविलेले असतात. म्हणजे मागच्या चक्रानें जें कमवावें त्यांतून पुढच्या चक्राचा खर्च आधीं भागवावयाचा, आणि उरेल तेंच आपलें.

हा खर्च थोडाथोडका नसतो. सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठीं उभारलेलें पहिलें गॅस टर्बाइन स्वित्झर्लंडमधील नोशातेल या गांवीं १९३९ सालीं सुरू झालें. तें ब्राउन बोव्हेरी या कंपनीनें बांधलें होतें, आणि त्याची परीक्षा ऐंशी वर्षांचे विख्यात प्राध्यापक ऑरेल स्टोडोला यांनीं घेतली. त्या परीक्षेंतील आंकडे बोलके आहेत. टर्बाइननें १५,४०० किलोवॉट शक्ति निर्माण केली. त्यांतील ११,४०० किलोवॉट एकट्या कॉम्प्रेसरनें गिळली. हातीं राहिली ती ४,००० किलोवॉट. इंधनांतील उष्णतेचा विजेच्या रूपानें परत मिळालेला भाग सतरा टक्क्यांहून थोडा अधिक, इतकाच होता. चार हजारांच्या शिलकीसाठीं पंधरा हजारांची उलाढाल करणारें हें दुकान. पण अशा दुकानाचा एक गुणही असतो. विक्रीच्या भावांत रुपयामागें दोन आणे सुधारले तरी शिल्लक एकदम फुगते.

भाव सुधारण्याची जागा कोठें आहे हें पाहण्यासाठीं एक लहानसा हिशेब मांडूं. समजा, एका छोट्या इंजिनांतून दर सेकंदास एक किलोग्रॅम हवा जाते. कॉम्प्रेसर तिचा दाब आठपट करतो. आणि टर्बाइनपाशीं पोंचणाऱ्या वायूचें तापमान सुमारें १,०२५ अंश सेंटिग्रेड आहे. साध्या दहनकोठींत इंधन जळतांना दाब वाढत तर नाहींच, उलट चार ते सहा टक्के घटतो. पांच टक्के घट व दोन्ही चक्रांची नेहमींची कार्यक्षमता धरली, तर टर्बाइन ५२० किलोवॉट कमावतें, कॉम्प्रेसर २९३ खातो आणि २२७ शिल्लक राहतात. आतां कांहीं युक्तीनें दाब पांच टक्के घटण्याऐवजीं वीस टक्के वाढला असें धरा. टर्बाइनची कमाई ५६५ किलोवॉट होते. कॉम्प्रेसर तोच, त्याचा खर्च तोच, टर्बाइनपाशींचें तापमान तेंच, इंधनही तेवढेंच. शिल्लक मात्र २२७ वरून २७२ वर गेली. म्हणजे जवळजवळ पांचवा हिस्सा वाढ! तरंगचक्राचें सारें आकर्षण या दोन आंकड्यांमधील अंतरांत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं कॉम्प्रेसरलाच आणखी एक पात्यांची रांग जोडावी आणि वायु अधिक तापवावा, म्हणजे झालें. मोठ्या इंजिनांत हेंच करतात. त्यांच्या टर्बाइनचीं पातीं आंतून पोकळ असतात, त्यांत थंड हवा खेळविलेली असते, त्यामुळें पात्याची धातु वितळेल अशा तापमानाचा वायुही त्यांवरून जाऊं शकतो. परंतु हेलिकॉप्टरच्या लहान इंजिनांतील पातें बोटाच्या पेरापेक्षांही आंखूड. त्याच्या पोटांत हवेच्या वाटा कोरावयाच्या कशा? शिवाय पात्याचें टोंक व भोंवतालचें कवच यांमध्यें जी फट ठेवावी लागते, ती पातें लहान झालें म्हणून त्या प्रमाणांत लहान होत नाहीं. म्हणून लहान इंजिनें मोठ्यांच्या मानानें नेहमींच उधळीं. तरंगचक्राचा विचार मुख्यतः या लहान भावंडांसाठीं झाला आहे.

तरंगचक्र दिसावयास अगदीं साधें असतें. एक नळकांडें घ्या. त्याच्या परिघाला लागून, आंसाला समांतर अशा, दोन्ही टोंकांस उघड्या पुष्कळशा अरुंद नळ्या आहेत. हें नळकांडें आपल्या आंसाभोंवतीं फिरतें. त्याच्या दोन्ही टोंकांशीं स्थिर झांकणें असून झांकणांत जागोजाग झरोके ठेवलेले आहेत. नळी फिरतां फिरतां झरोक्यासमोर आली कीं उघडते, पुढें सरकली कीं बंद होते. चार झरोके पुरतात. एकांतून कॉम्प्रेसरकडील हवा आंत येते. दुसऱ्यांतून ती अधिक दाबली जाऊन दहनकोठीकडे जाते. तिसऱ्यांतून दहनकोठींतील तप्त वायु आंत शिरतो. चौथ्यांतून तो टर्बाइनकडे निघतो. पातीं नाहींत, दट्ट्या नाहीं, झडप नाहीं. मग हवा दाबतो कोण?

दाबते ती लाट. मालगाडीचें शंटिंग ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हें लवकर कळेल. उभ्या डब्यांच्या रांगेस इंजिननें मागून धक्का दिला कीं तो ‘खाड् खाड्’ करीत डब्याडब्यांतून पुढें जातो. धक्का पोंचेपर्यंत पुढचे डबे स्वस्थ उभे असतात. तरंगचक्राच्या नळींत सांठलेली थंड हवा म्हणजे ही उभी मालगाडी. तप्त वायूचा झरोका एकाएकीं उघडला कीं जास्त दाबाचा वायु आंत घुसूं पाहतो, आणि त्याच्या पुढें हवेंतून एक आघात-तरंग धांवत जातो. हा तरंग जेथून जातो तेथील हवा क्षणांत दाबली जाते व पुढें ढकलली जाते. तो दुसऱ्या टोंकास पोंचतांच तेथील दहनकोठीचा झरोका उघडला पाहिजे, म्हणजे दाबलेली हवा बाहेर पडते. पुढें काम उलट होतें. तप्त वायूची वाट बंद होते, नळी टर्बाइनच्या झरोक्यासमोर येते, आणि दाब मोकळा होतो. आतां इंजिननें मालगाडी पुढें ओढल्याचें दृश्य डोळ्यांपुढें आणावें. डबे पुढें चालूं लागतात, पण सांखळ्या ताणल्या जाण्याची क्रिया मागें मागें जाते. तसा एक विरल-तरंग नळींतून मागें धांवतो आणि वायु पुढें वाहूं लागतो. शेवटीं नळींतील दाब कॉम्प्रेसरच्या दाबाहून खालीं जातो, नवी हवा आपण होऊन आंत येते, झरोका बंद होतो, आणि पुन्हां तीच कथा.

आघात म्हटला कीं नासाडी असें वाटतें, परंतु येथें ती फारशी नाहीं. ध्वनीच्या १.४ पट वेगानें जाणारा आघात-तरंग हवेचा दाब २.१२ पट करतो आणि केवल तापमान २५.५ टक्क्यांनीं वाढवितो. कोणतीही नासाडी न होतां तेवढाच दाब वाढविला असता तर तापमान २४ टक्क्यांनीं वाढलें असतें. म्हणजे कार्यक्षमता शंभरांत चौऱ्याण्णव झाली. एवढी कार्यक्षमता लहान इंजिनाच्या चांगल्या कॉम्प्रेसरच्याही आवांक्याबाहेरची. तरंग फार जोराचा झाला मात्र कीं नासाडी झपाट्यानें वाढते. म्हणून काम माफक धक्क्यांनींच करून घ्यावें लागतें.

दुसरा गुण याहूनही महत्त्वाचा. दहन आतां अधिक दाबावर होतें आणि तेथील वायु टर्बाइनला सोसेल त्याहून पुष्कळ अधिक तापलेला असतो. हा वायु प्रथम तरंगचक्रांत शिरतो, तेथें हवा दाबण्याच्या कामांत आपली थोडी ऊर्जा खर्च करतो, आणि निवून टर्बाइनकडे जातो. मग चक्राची धातु कशी टिकते? तिच्यावर कांहीं क्षण तप्त वायु तर कांहीं क्षण थंड हवा, अशी आळीपाळीनें पाळी येते, आणि ही पाळी सेकंदांतून शेंकडों वेळां बदलते. धातूला इतक्या घाईनें तापतां-निवतां येत नाहीं; ती दोहोंच्या मधल्या तापमानावर स्थिरावते. पात्याच्या पोटांत वाटा कोरून जें साधावयाचें तें येथें नुसत्या फिरण्यानें साधतें.

१९०६ सालीं क्नाउफ नांवाच्या जर्मन गृहस्थानें या जातीच्या यंत्राची कल्पना प्रथम मांडली असें मानतात, परंतु तींत तरंगांचा उपयोग नव्हता. नुसती दाबाची अदलाबदल होती. तरंगांना मुद्दाम कामास लावण्याचें श्रेय ब्राउन बोव्हेरीमधील क्लोद सेपेल यांजकडे जातें. या कंपनीनें १९४१ सालीं स्विस रेल्वेस २,२०० अश्वशक्तीचें गॅस टर्बाइनवर चालणारें रेल्वे-इंजिन दिलें. त्याच सुमारास तशा रेल्वे-इंजिनाच्या यंत्रसामुग्रीस जोड म्हणून सेपेल यांनीं तरंगचक्र तयार केलें. यंत्र फिरलें, पण अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहींत. चक्राची रचना कच्ची होती आणि इंजिनाशीं त्याची जोडणीही ओबडधोबड होती. कल्पना खोटी ठरली नव्हती. तिचा हिशेब पुरता करण्याचें साधन मात्र त्या काळीं कोणाहीपाशीं नव्हतें.

हिशेब किती नाजूक आहे हें एका उदाहरणानें दिसेल. नळी २५ सेंटिमीटर लांब आहे आणि आघात-तरंग सेकंदास ५०० मीटर वेगानें जातो असें धरूं. या टोंकाहून त्या टोंकास जाण्यास त्यास अर्धा मिलिसेकंद लागेल. चक्र मिनिटास १५,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास चार मिलिसेकंद लागतात. म्हणजे तेवढ्या वेळांत नळी फेऱ्याचा आठवा हिस्सा, ४५ अंश, पुढें गेलेली असते. तेव्हां दुसऱ्या झांकणांतील झरोका पहिल्यापासून बरोबर ४५ अंशांवर हवा. आतां चालकानें वेग कमी करून १२,००० फेऱ्यांवर आणला. तरंगास वेळ तेवढाच लागतो, परंतु तेवढ्यांत नळी ३६ अंशच सरकते. झरोका अजून नऊ अंश दूर आहे. तरंग बंद भिंतीवर आदळून परत फिरतो आणि पुढच्या साऱ्या तरंगांचें वेळापत्रक बिघडवितो. शिवाय तरंगाचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून; तापमान इंधनावर, आणि इंधन चालकाच्या हातावर. झरोके मात्र धातूंत एकदां कापले कीं कापले. म्हणूनच असें यंत्र घडविण्यापूर्वीं तें कोणत्या वेगास व कोणत्या तापमानास कसें वागेल याची गणिती अनुकृति करणें, म्हणजे यंत्र नसतांना तें आंकड्यांत चालवून पाहणें, येथें चैनीची गोष्ट नसून गरज आहे.

आरंभीं ही अनुकृति ड्रॉइंगच्या फळ्यावर होई. आडव्या रेषेवर नळीची लांबी घ्यावयाची, उभ्या रेषेवर काळ. प्रत्येक तरंग म्हणजे एक तिरकी रेषा. वेग जास्त तर रेषा आडवी, वेग कमी तर उभी. दोन रेषा छेदल्या कीं तेथें नवा दाब व नवा वेग काढावयाचा आणि पुढच्या रेषा त्या हिशेबानें ओढावयाच्या. रेल्वेच्या कचेरींत गाड्यांच्या क्रॉसिंगचा जो आलेख काढतात त्याचाच हा भाऊबंद. पट्टी-पेन्सिलीनें एक फेरा पुरा करण्यास कसलेल्या माणसाचे कित्येक दिवस जात, आणि घर्षण व गळती यांचा विचार तर बाजूसच ठेवावा लागे. तरीही तरंगांचा स्वभाव या आलेखांनींच लोकांना शिकविला, हें विसरूं नये. आज संगणकानें काढलेलीं रंगीत चित्रें वाचतांनाही जाणकाराची नजर त्या तिरक्या रेषाच शोधीत असते.

पुढची वाट ज्यांनीं उघडली त्यांपैकीं बहुतेकांपुढें तरंगचक्र नव्हतेंच. बर्नहार्ट रीमान या जर्मन गणितज्ञानें १८६० सालीं एक प्रश्न सोडवून ठेवला होता. नळीच्या मधोमध पडदा आहे, एका बाजूस जास्त दाबाचा वायु व दुसऱ्या बाजूस कमी दाबाचा. पडदा एकाएकीं नाहींसा झाला तर पुढच्या क्षणीं काय होईल? उत्तर असें कीं एका बाजूस आघात-तरंग जाईल, दुसऱ्या बाजूस विरल-तरंग, आणि मध्यें दोन वायूंची सीमा हळूहळू सरकत राहील. शंभर वर्षांनीं, १९५९ सालीं, सर्गेई गोदुनोव्ह या रशियन गणितज्ञानें या जुन्या उत्तराचा नवा उपयोग केला. नळीचे अनेक बारीक कप्पे पाडावे. प्रत्येक कप्प्यांत वायूची स्थिति एकसारखी धरावी. मग दोन शेजारी कप्प्यांमधील सीमा म्हणजे रीमानचा पडदाच झाला! तो पडदा क्षणभर काढून सीमेवरून किती वायु, किती संवेग व किती ऊर्जा गेली तें काढावें, आणि दोन्ही कप्प्यांच्या वहींत जमा-नांवें लिहावें. एकानें दिलें तें दुसऱ्यानें घेतलेंच पाहिजे, त्यामुळें एकूण हिशेबांत पै चुकत नाहीं. पुढें १९८१ सालीं इंग्रज गणितज्ञ फिलिप रो यांनीं सीमेवरचें अवघड उत्तर सोप्या गणितानें जवळजवळ तितकेंच बरोबर काढण्याची रीत दिली, आणि काम फार झपाट्यानें होऊं लागलें.

कप्पे हवे तितके बारीक करावे म्हटलें तर काळाचें पाऊलही तितकेंच आंखूड टाकावें लागतें. कूरांट, फ्रीड्रिख्स व लेवी या त्रयीनें १९२८ सालींच हा नियम दाखवून दिला होता कीं एका पावलांत कोणतीही वर्दी एका कप्प्याहून पुढें जातां कामा नये. हा नियम मोडला तर आंकडे पिसाळतात. वरील २५ सेंटिमीटरांच्या नळीचे शंभर कप्पे केले तर प्रत्येक अडीच मिलिमीटरांचा होतो. सर्वांत वेगवान वर्दी सेकंदास हजार मीटर जात असेल तर काळाचें पाऊल एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं अडीच भागांचें. चार मिलिसेकंदांच्या एका फेऱ्यास अशीं १,६०० पावलें लागतात, आणि दर पावलास शंभर कप्पे म्हणजे १,६०,००० नोंदी होतात. एकाद्या कारकुनानें मिनिटास एक नोंद या वेगानें रोज आठ तास काम केलें तर एका फेऱ्यास ३३३ दिवस लागतील. आणि एका फेऱ्यानें भागत नाहीं. आरंभींची स्थिति अंदाजानें घेतलेली असते, म्हणून फेऱ्यामागून फेरा चालवून शेवटची स्थिति आरंभाशीं जुळेपर्यंत थांबावें लागतें. त्यावर आणखी एक अट असते. दहनकोठीकडे गेलेली हवा आणि तिकडून परत आलेला वायु यांचा मेळ बसला पाहिजे. फरक फक्त इंधनाच्या वजनाचा, साधारण दोन टक्क्यांचा. तो जुळला नाहीं तर झरोक्यांवरील दाब थोडे बदलून सारा खटाटोप पुन्हां करावयाचा. आज साध्या टेबलावरील संगणक हें काम चहा निवण्याच्या आंत उरकतो.

अमेरिकेंतील नासा या संस्थेच्या क्लीव्हलँड येथील प्रयोगशाळेंत, जिचें नांव तेव्हां लुइस केंद्र होतें व १९९९ पासून ग्लेन केंद्र झालें, डॅनियल पॅक्सन यांनीं १९९० नंतरच्या दशकांत रो यांच्या रीतीवर आधारलेली अशी अनुकृति तयार केली. तिच्यांतील मुख्य युक्ति विलक्षण साधी आहे. साऱ्या चक्राचा हिशेब करावयाचाच नाहीं. एका नळींत बसून तिच्याबरोबर फिरत राहावयाचें, आणि टोंकांशीं कोणता झरोका येतो व जातो तेवढें पाहावयाचें. सर्व नळ्या सारख्या असल्यानें एकीचें चरित्र तेंच सर्वांचें. नळीच्या रुंदींत काय घडतें तेंही सोडून द्यावयाचें. फक्त लांबीचा विचार करावयाचा. असें केल्यानें जें निसटतें तें वेगळ्या पदांनीं भरून काढावयाचें. झरोका खरोखर एकाएकीं उघडत नाहीं, दार सरकत उघडावें तसा उघडतो, म्हणून आघात-तरंगाची धार आरंभीं बोथट असते. त्यासाठीं एक पद. भिंतीच्या घर्षणासाठीं एक, उष्णता धातूंत जाते-येते तिच्यासाठीं एक, आणि फटींतून होणाऱ्या गळतीसाठीं एक.

या शेवटच्या पदानेंच पुष्कळ मनोरे ढांसळतात. फिरणारें चक्र व स्थिर झांकण यांमध्यें फट ठेवावीच लागते. नळी दहा मिलिमीटर उंच आणि फट पाव मिलिमीटर असेल, तर नळीच्या वरच्या व खालच्या कांठांनीं मिळून तिच्या तोंडाच्या पांच टक्के वाट गळतीस मोकळी राहते, आणि तीही दोन्ही टोंकांशीं. नळी शंभर मिलिमीटर उंच असती तर हीच गळती अर्ध्या टक्क्यावर आली असती. म्हणजे ज्या लहान इंजिनांना तरंगचक्राची खरी गरज, त्यांनाच त्याची गळती सर्वांत जास्त बाधते. बरें, फट आणखी कमी करावी तर धातु तापून वाढते. २५ सेंटिमीटर लांबीचें पोलादी चक्र ६०० अंशांनीं तापलें तर दोन मिलिमीटरांहून अधिक लांब होतें! पाव मिलिमीटरची फट सांभाळावयाची आणि वाढ तिच्या आठपट. थंड असतांना फट किती ठेवावी, तापतांना झांकणें कशीं मागें सरकवावीं, हा प्रश्न गणिताचा कमी आणि लोहाराच्या हाताचा अधिक आहे.

गळतीचें पद वगळून केलेला हिशेब नेहमींच सुंदर दिसतो. म्हणून अनुकृतीची खरी किंमत ती प्रयोगाशीं ताडून पाहिल्यावरच ठरते. क्लीव्हलँड येथें जॅक विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीन झरोक्यांचें एक चक्र बांधलें. त्यास दहनकोठी नव्हती. एका झरोक्यानें मध्यम दाबाची हवा आंत घ्यावयाची आणि उरलेल्या दोहोंतून एकीकडे जास्त दाबाची व दुसरीकडे कमी दाबाची अशी वांटून बाहेर काढावयाची, एवढेंच त्याचें काम. उपयोगाच्या दृष्टीनें असें यंत्र निरर्थक, पण परीक्षेच्या दृष्टीनें फार सोयीचें. कारण उष्णतेचा गोंधळ न करतां नळीची लांबी, रुंदी व फट बदलून कोणती हानि कशामुळें होते तें वेगवेगळें मोजतां येतें. अशा मोजमापांवर घासून पुसून तयार झालेल्या अनुकृतीवर मग पुढच्या हिशेबांची भिस्त ठेवतां येते. दोन-चार अंगांचा हिशेब करणाऱ्या मोठ्या अनुकृति आज उपलब्ध आहेत, पण आराखड्यांचे शेंकडों पर्याय चाळण्यास ही एका नळीची साधी अनुकृतिच अजून हाताशीं घ्यावीशी वाटते. मोठें गणित म्हणजे अधिक खरें गणित, ही समजूत सर्वत्र लागू पडत नाहीं.

या हिशेबांनीं काय सांगितलें? हेलिकॉप्टरच्या आकाराच्या इंजिनास चार झरोक्यांचें तरंगचक्र जोडलें तर तेवढ्याच शक्तीस लागणारें इंधन पंधरा टक्के व त्याहून थोडें अधिक वांचूं शकेल, असें नासाच्या अभ्यासकांनीं १९९५ च्या सुमारास काढलें. आरंभींच्या आपल्या लहान हिशेबाशीं तें जुळतें. अ‍ॅलिसन कंपनीच्या २५० या प्रसिद्ध लहान इंजिनास असें चक्र जोडून पाहण्याचा विचारही त्या दशकांत झाला. परंतु तरंगचक्र बसविलेलें गॅस टर्बाइन घेऊन नित्य उड्डाण करणारें विमान वा हेलिकॉप्टर आजही नाहीं.

कारणें अनेक आहेत, आणि त्यांतलें एक तर गुणांतूनच निघालें आहे. नेहमींच्या इंजिनांत टर्बाइनचीं पातीं थंड ठेवण्यास कॉम्प्रेसरमधून हवा काढून घेतात. कॉम्प्रेसरचा दाब टर्बाइनपेक्षां थोडा जास्त असल्यानें ती आपोआप तिकडे जाते. तरंगचक्र आलें कीं टर्बाइनपाशींचा दाब कॉम्प्रेसरच्या दाबाहून वीस टक्के जास्त होतो. आतां ती हवा चढावर कशी जावी? ती तरंगचक्रांतून दाबून घ्यावी तर ती तापलेली असते. वेगळ्या पंपानें दाबावी तर पंपाचें वजन व खर्च वाढतो. शिवाय चार झरोक्यांना चार वाकडेतिकडे नळ, त्यांपैकीं एकांत अतितप्त वायु. सुटसुटीत इंजिनाभोंवतीं ही आंतड्यांची गुंतवळ कोणा विमानकारास आवडणार?

मोटारींच्या जगांत मात्र या चक्रास कांहीं काळ मान मिळाला. ब्राउन बोव्हेरीनें दाबणें व प्रसरणें या दोन क्रियांच्या इंग्रजी नांवांवरून त्यास कॉम्प्रेक्स असें नांव दिलें आणि डीझेल इंजिनास जास्त हवा पुरविण्यासाठीं तें वापरलें. तेथें तापमान बेताचें, चार नळांची अडचण कमी, आणि ॲक्सिलरेटर दाबतांच क्षणांत हवेचा दाब वाढतो हा मोठाच फायदा. फेरारी कंपनीनें १९८०-८१ मध्यें शर्यतीच्या मोटारीवर तें तपासून पाहिलें व बाजूस ठेवलें. जपानच्या माझ्दा कंपनीनें १९८७ पासून आपल्या डीझेल मोटारींत तें प्रत्यक्ष बसवून विकलें. पुढें साधे टर्बोचार्जर इतके सुधारले व स्वस्त झाले कीं कॉम्प्रेक्सची कर्कश शीळ आणि पट्ट्यानें फिरविण्याची उठाठेव लोकांस नकोशी वाटूं लागली.

गॅस टर्बाइनच्या बाजूनें चाललेला अलीकडचा विचार याहून धाडसी आहे. दहनकोठी बाहेर ठेवून चार नळ फिरवीत बसण्याऐवजीं इंधन नळींतच जाळावें, असा तो विचार. दोन्ही टोंकें बंद असतां हवा-इंधनाचें मिश्रण पेटलें तर वायूस फुगण्यास जागाच नाहीं, म्हणून दाब आपोआप वाढतो. नंतर टर्बाइनचा झरोका उघडावयाचा. इंडियानापोलिस येथील विद्यापीठांत रझी नलीम यांनीं रोल्स-रॉइसच्या सहकार्यानें या दिशेनें प्रयोग केले आहेत. येथें अनुकृतीस तरंगांबरोबर ज्योतीचाही हिशेब करावा लागतो. ज्योत किती वेगानें पसरते हें नळींतील खळबळीवर अवलंबून असतें, आणि खळबळ ही लांबीच्या एका अंगांत मावणारी वस्तु नव्हे. गळतीचा प्रश्नही येथें नवें रूप घेतो. शेजारच्या नळींतील जळता वायु फटींतून डोकावला तर इकडचें ताजें मिश्रण वेळेआधींच पेट घेतें. पूर्वीं पाव मिलिमीटरच्या फटींतून थोडा दाब निसटत असे; आतां त्याच फटींतून ठिणगी आंत येते, आणि अनुकृति करणाऱ्यांना दाबाच्या हिशेबाबरोबर ही ठिणगी कोणत्या अंशावर, कोणत्या क्षणीं पोंचेल याचाही हिशेब मांडावा लागत आहे.